१४.०७४ कुणाच्या बापाची जहागीर नाही

एफटी८ वर, म्हणजे रेडिओवरून कॉम्प्युटरच्या मदतीने छोटे संदेश पाठवायच्या मोडवर, नव्याने आलेल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो : "सर, तुम्ही कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहात?" उत्तर येतं, "१४.०७४." उत्तर बरोबर आहे, पण त्यातून कळत काहीच नाही. कारण त्या घटकेला २० मीटरवर (म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर) एफटी८ करणारे जगातले जवळजवळ सगळेच १४.०७४ वर असतात. तो फक्त रिगच्या (रेडिओ संचाच्या) डायलवरचा आकडा. त्याच्या वर साधारण तीन किलोहर्ट्झची पट्टी असते. त्या पट्टीत तुम्ही १५२० हर्ट्झवर असाल, तर तुमचा सिग्नल प्रत्यक्षात १४.०७५५२० मेगाहर्ट्झवर निघतो. एवढं सांगूनही पत्ता अर्धाच राहतो. फेऱ्या पंधरा-पंधरा सेकंदांच्या असतात, आणि तुम्ही मिनिटाच्या ०० आणि ३० व्या सेकंदाला प्रक्षेपण सुरू करता की १५ आणि ४५ व्या, म्हणजे ईव्हन की ऑड, हेही सांगावं लागतं. "१४.०७४, १५२०, ईव्हन" असं कुणी कळवलं की मी त्याला मनातल्या मनात दोन मार्क जास्त देतो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या मंडळींमध्ये सध्या चाललेली कुरकुर. "माझ्यावर कुणीतरी येऊन बसला", "मी आधीपासून तिथे होतो", "मुद्दाम करतात हो." एसएसबीवर, म्हणजे तोंडाने बोलायच्या मोडवर, अशी तक्रार समजू शकतो. तिथे बोलायच्या आधी "ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?" असं विचारायची रीत आहे, मोर्सवर क्यूआरएल पाठवून तेच विचारतात, आणि तरीही कुणी वर येऊन बसलाच तर त्याचा बेमुर्वतपणा कानाला ऐकू येतो. एफटी८ वर मात्र ही तक्रार बहुतेक वेळा अस्थानी असते, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

हा मोड आला २०१७ साली. करणारे दोघे : स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर. नावातली 'एफ' आणि 'टी' ही दोन अक्षरं त्यांचीच, आणि ८ म्हणजे आठ टोन. टेलर म्हणजे जोडताऱ्यातल्या पल्सारचा शोध लावल्याबद्दल रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले टेलर. आयुष्यभर गोंगाटाखालून बारीक सिग्नल उकरून काढणाऱ्या माणसाने हे केलंय, आणि ते दिसतंही. आठ टोन, दोन टोनमध्ये सव्वासहा हर्ट्झचं अंतर, म्हणजे एका स्टेशनला लागणारी जागा अवघी ५० हर्ट्झ. पंधरा सेकंदांची एक फेरी, त्यात १२.६४ सेकंद प्रत्यक्ष प्रक्षेपण. सिग्नल २५०० हर्ट्झच्या पट्टीतल्या गोंगाटापेक्षा वीसेक डेसिबलने खाली असला तरी डिकोड होतो. कानाला तिथे काहीही ऐकू येत नाही.

आता हिशेब करा. तीन हजार भागिले पन्नास, साठ जागा. ईव्हन आणि ऑड धरून एकशेवीस. संध्याकाळी २० मीटर उघडला (दूरची स्टेशनं ऐकू येऊ लागली) की मागणी याहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे इथलं सगळं कामकाज विरारच्या लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं चालतं : तिघांची जागा असते, चौथा येतो, सगळे इंचभर सरकतात. सॉफ्टवेअरही बिचारं मदत करतं. एकमेकांवर चढलेले सिग्नल ते बऱ्याचदा सोडवून दाखवतं : आधी जोरकस सिग्नल वाचतं, तो वजा करतं, मग खालचा शोधतं. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि त्यात दरवेळी मरतो तो कमी पॉवरवाला.

खरी गंमत पुढे आहे. ती नवख्यांना सोडाच, पाच-पाच वर्षं एफटी८ करणाऱ्यांनाही सांगावी लागते.

समजा तुम्ही ऑडमध्ये प्रक्षेपण करता. म्हणजे तुम्ही ऐकता फक्त ईव्हनमध्ये. वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या चित्रात) तुम्हाला जे दिसतं ते सगळं ईव्हनवाल्यांचं. त्यात ८०० हर्ट्झपाशी छान मोकळी जागा दिसली, तुम्ही तिथे शिफ्ट दाबून क्लिक केलंत आणि कॉल करायला लागलात. आता मला सांगा, ती जागा ऑडमध्ये मोकळी होती हे तुम्हाला कसं कळलं? कळलेलंच नाही. ऑडमध्ये तुम्ही स्वतः बोलत होतात, तेव्हा तुमचा रिसीव्हर बंद होता. त्या ८०० वर ऑडमध्ये कदाचित इंडोनेशियाचा कुणीतरी आधीपासून सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) देतोय. त्यालाही तुम्ही दिसत नाही, कारण तुम्ही बोलता तेव्हाच तोही बोलतोय. दोघं एकमेकांच्या बोकांडी बसून तासभर कॉल करतील आणि दोघांनाही पत्ता लागणार नाही. वैतागेल तो तिसराच, ज्याला दोघांचीही खिचडी ऐकू येते.

म्हणजे एफटी८ मध्ये ज्याला आपला त्रास होतो तो आपल्याला दिसणं त्या फेरीत शक्यच नसतं. म्हणून "मुद्दाम करतात" या वाक्याला मी हसतो. मुद्दाम करायला आधी तुम्ही दिसायला तर हवेत!

यावर उपाय अगदी साधा. कॉल सुरू करण्याआधी पूर्ण अर्धा मिनिट, म्हणजे ईव्हन आणि ऑड दोन्ही फेऱ्या, नुसतं बघा. आपण ज्या फेरीत बोलणार त्या फेरीतली मोकळी जागा शोधा. 'होल्ड टीएक्स फ्रीक्वेन्सी'वर टिक करा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या सीक्यूवर डबल क्लिक केलं तरी तुमची जागा हलणार नाही. आणि दहा मिनिटं उत्तर येत नसेल तर एखादी फेरी गप्प बसून आपल्या जागेवर कोण आहे ते पाहा. गप्प बसायला आपल्याकडे फार जड जातं, पण सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग सहा मिनिटांनी तुमचं प्रक्षेपण आपोआप थांबवतो तो काही उगाच नाही. त्याची वेळ वाढवून ठेवून जेवायला जाणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, लिहिलं तर भाषा बिघडेल.

दुसरा वाद : सीक्यू देणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन कॉल करायचा की नाही? जुनेजाणते म्हणतात, "ज्याला बोलायचंय त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर जावं, हीच रीत. शिवाय दोघं एकाच जागी, एक ईव्हनमध्ये, एक ऑडमध्ये, म्हणजे दोघांत मिळून एकच रांग अडते." गणित चुकीचं नाही. बँड रिकामा असेल आणि कॉल करणारा एकटाच असेल तर खुशाल जा. पण एखाद्या दुर्मीळ बेटावरचं स्टेशन सीक्यू देऊ लागलं की वीस जण त्याच फेरीत त्याच ५० हर्ट्झवर कोसळतात, आणि त्याला दिसतो नुसता एक जाड पट्टा. मुळात त्याचं सॉफ्टवेअर अख्खी तीन किलोहर्ट्झची पट्टी एकदम डिकोड करतं. तुम्ही २३०० वर असा की ४०० वर, तो तुम्हाला वाचणारच. एसएसबीतली सवय इथे आणून काय मिळतं? मी तरी कायम माझ्या जागेवरूनच कॉल करतो, आणि उत्तरं येतात.

४० मीटरचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे, आणि तिथे मी एफटी८ वाल्यांची बाजू सरसकट घेणार नाही. आपल्याकडे हा बँड ७.००० ते ७.२००. सकाळी देशभरची मंडळी एसएसबीवर जमतात, त्यातले कित्येक वयस्कर, कित्येक वर्षानुवर्षं त्याच आसपास बोलत आलेले. त्यांच्या गप्पांच्या शेजारी आपण एक यंत्र किणकिणत बसवलं. ७.०७४ हा आकडा कुठल्या सरकारी गॅझेटमध्ये नाही. तो सॉफ्टवेअर उघडल्यावर यादीत आयता येतो म्हणून सगळे तिथे जातात. युरोप-आफ्रिकेच्या बँड प्लॅनमध्ये तर तो भाग सर्व मोड्सचा आहे, आणि बँड प्लॅन म्हणजे तरी आपसातला समंजसपणाच. त्यामुळे तिथे येणाऱ्या आवाजावर "हा आमचा इलाका" म्हणून सूर लावायचा अधिकार आपल्याला नाही.

पण भांडायच्या आधी दोन्ही बाजूंनी साइडबँडचा हिशेब समजून घ्या. ४० मीटरवर बोलणं चालतं एलएसबीत (डायलच्या आकड्याच्या खालच्या बाजूला), एफटी८ चालतं यूएसबीत (वरच्या बाजूला). म्हणजे डायल ७.०७४ वर ठेवून एलएसबीत बोलणाऱ्याचा आवाज पसरतो ७.०७१ ते ७.०७४ च्या दरम्यान, आणि एफटी८ ची पट्टी आहे ७.०७४ ते ७.०७७. दोघांच्या डायलवर आकडा एकच, आणि तरी दोघं एकमेकांच्या जागेत नाहीत! खरा धक्का लागतो तो ७.०७७ वर एलएसबीत बसलेल्या माणसाला, कारण त्याचा सगळा आवाज बरोबर एफटी८ च्या पट्टीत येतो. त्या काकांना कुणी हे प्रेमाने समजावून सांगितलं तर ते तीन किलोहर्ट्झ वर सरकतातही, माझा तरी तसा अनुभव आहे. मात्र सांगायचं ते तोंडाने, एसएसबीवर जाऊन. कॉल देत देत त्यांच्या गप्पा चिरडणं हा निर्लज्जपणा आहे. एफटी८ च्या मोकळ्या मजकुरात मावतात तेरा अक्षरं, आणि तेरा अक्षरांत आपल्याकडे फक्त शिवी बसते.

शेजाऱ्याची जागा खाण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो करणाऱ्याला वाटतं आपण आपल्या जागेवरच आहोत. साउंडकार्डचा आवाज चढवून ठेवायचा, एएलसीचा (रिगमधल्या पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा नाचू द्यायचा. मग ६०० हर्ट्झवर बसलेला माणूस १२०० वर, १८०० वर आणि २४०० वरही उमटतो. एकाच तिकिटात चार जागा. एएलसी हलणार नाही इतपत आवाज ठेवा, आणि सॉफ्टवेअरमधलं स्प्लिट चालू करा. ते ऑडिओ १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवून रिगचा डायलच हलवतं, त्यामुळे दुप्पट-तिप्पट टोन फिल्टरच्या बाहेर पडतात. पॉवरचंही तेच. समोरून प्लस पाच डेसिबलचा सिग्नल रिपोर्ट येत असेल आणि तुम्ही शंभर वॅटवर असाल, तर दहा वॅटवर या. रिपोर्ट येईल मायनस पाच, क्यूएसओ (संपर्क) तितकाच पक्का.

डीएक्सपेडिशनवाल्यांचं (दुर्मीळ ठिकाणी जाऊन स्टेशन लावणाऱ्यांचं) थोडक्यात : फॉक्स-हाउंड मोड (एकच स्टेशन एका वेळी अनेकांना उत्तर देतं तो) नेहमीच्या एफटी८ फ्रिक्वेन्सीवर वापरू नये, असं तो बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. डीएक्सपेडिशनने जाहीर केलेली फ्रिक्वेन्सी बघा आणि तिथे जा. आणि कुठल्याही डिजिटल मोडला नवी जागा शोधताना १४.१०० ला हात लावू नका. तिथे जगभरातले अठरा बीकन (खुणेचा सिग्नल देणारी स्टेशनं) दर तीन मिनिटांत आळीपाळीने दहा-दहा सेकंद वाजतात, त्यातला कोलंबोचा आपल्याला सगळ्यात जवळचा. बँड उघडलाय की नाही हे मी अजूनही आधी तिथेच ऐकतो.

आता आपल्या घरचं. मुंबई-ठाणे-डोंबिवली या पट्ट्यात हॅम दाटीवाटीने राहतात, काही तर समोरासमोरच्या गच्च्यांवर. एकाने ईव्हनमध्ये सीक्यू दिला आणि समोरच्याने ऑडमध्ये, तर दोघंही कायमचे बहिरे. एक ऐकायला बसतो तेव्हाच दुसऱ्याचा दणदणीत सिग्नल रिसीव्हरचा गळा दाबतो, आणि ब्राझीलचा मायनस अठरावाला त्यात नाहीसा होतो. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत हजार हर्ट्झचं अंतर असलं तरी फरक पडत नाही. इथे फ्रिक्वेन्सी नव्हे, वेळ वाटून घ्यायची असते, आणि तीही उलट्या बाजूने : सगळ्यांनी एकाच फेरीत बोलायचं आणि एकाच फेरीत ऐकायचं. एखाद्या डीएक्सच्या (दूरच्या स्टेशनच्या) मागे लागलो की हे आपसूक होतं, कारण तो ईव्हनमध्ये असेल तर आपण सगळे ऑडमध्येच. घोळ होतो तो सीक्यू देताना.

म्हणून माझा प्रस्ताव असा. सीक्यू द्यायचा असेल तेव्हा मुंबई महानगरातल्या सगळ्यांनी ईव्हन धरावं, १० आणि ६ मीटरवर तर नक्कीच. पुणेकरांनी त्यांचं त्यांनी ठरवावं, ते आमचं ऐकणार नाहीतच. तीनशे मीटरच्या आत दुसरा अँटेना असेल त्यांनी शेजाऱ्याशी आधी फोनवर बोलून घ्यावं. ऑडच हवं असं कुणाचं म्हणणं असेल तर कारणासकट खाली लिहा, माझा हट्ट नाही. फक्त येत्या रविवारच्या आत ठरवू या, १० मीटर हल्ली दुपारी मस्त उघडतोय.