वाळा लावाच, पण काठाचा पायथाही बघा

पऱ्याच्या (छोट्या ओढ्याच्या) ढासळत्या काठाला सिमेंटची भिंत नको, वाळा (खस गवत) लावा, हे लेखातलं म्हणणं पटलं. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ ३-४ मीटर खाली जातात आणि दाट ओळीमागे गाळ साचून आपसूक बांध तयार होतो. मात्र ओळ समपातळीत हवी आणि ठोंब १०-१५ सेंमीवर. विरळ लावला की पाणी फटीतून घुसून तिथेच घळ पाडतं.

लेखात काठाच्या पायथ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही! पाणी खालून पोखरत असेल तर वर काहीही लावा, मातीसकट जाणार. तिथे दगड रचून सांदीत निर्गुडीचे फाटे खोचावेत. फांदीपासून सहज फुटते, गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. (वाळ्याची कोवळी पात मात्र सोडत नाहीत, पहिलं वर्ष राखण हवीच.) अगदी पात्रात शेरणीचं झुडूप लावा, तिला पुरात वाकून तगायची सवय आहे.

माळीण (२०१४) किंवा इर्शाळवाडीसारखी (२०२३) दरड याने थांबेल असं कुणी समजू नये. अख्खा उतारच सुटतो तिथे मुळांची पोच पुरत नाही.

आणि लावणी मृगातच करा. आपल्याकडे वृक्षारोपणाचे फोटो ऑगस्टात निघतात, तोवर निम्मा काठ वाहून गेलेला असतो.