अकरा महिन्यांचा करार नेमका कुणाच्या सोयीचा?

मुंबईत भाडी वाढली हे कुणाला वेगळं सांगायला नको. आमच्या मुलुंड पूर्वेला करोनाच्या काळात बावीस-पंचवीस हजारांत मिळणारा वन बीएचके आता पस्तीसच्या खाली एजंट दाखवतही नाहीत. पगार काही त्या चालीने वाढलेला नाही. त्यात नव्या कररचनेत घरभाड्याची सूट मिळत नाही. पण मला वाढलेल्या आकड्याइतकाच राग त्या अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा येतो, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

आधी भाडं का वाढतंय ते बघू. मुंबईत लोंढे येतात म्हणून, हे उत्तर जुनं झालं. आमच्या भागातलं खरं कारण रस्त्यावरून चालताना दिसतं. एका गल्लीत तीन-तीन जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटसाठी, म्हणजे पाडून नव्याने बांधायला, पत्रे लावून घेतल्यात. चाळीस घरांची एक बिल्डिंग रिकामी झाली की चाळीस कुटुंबं एकाच महिन्यात घर शोधायला बाहेर पडतात, आणि सगळ्यांना तिथेच हवं असतं. मुलांची शाळा तिथे, आजीचा डॉक्टर तिथे, भाजीवाला ओळखीचा. त्यांचं भाडं बिल्डर देतो, सामान हलवायचा आणि ब्रोकरेजचा खर्चही बऱ्याचदा तोच देतो. मग एजंट सरळ सांगतो, "बिल्डरवाली पार्टी तयार आहे, तुमचं काय ते आज सांगा." म्हणजे भाड्याने द्यायची घरं कमी झाली, मागणारे वाढले, आणि स्वतःच्या पगारातून भाडं भरणारा माणूस या रांगेत सगळ्यात मागे.

आणि त्या पाडलेल्या बिल्डिंगमध्ये जो भाडेकरू राहत होता त्याचं काय? सभासदाला बिल्डरकडून दरमहा भाडं सुरू होतं, मग तो स्वतः तिथे राहत असो वा नसो. भाडेकरूला फक्त घर खाली करायची तारीख मिळते. आमच्या शेजारची मुलगी दहावीला होती, ऐन डिसेंबरात त्यांना ऐरोलीला जावं लागलं. तिची आई रोज पहाटे तिला बसने मुलुंडच्या शाळेत आणून सोडायची. कराराप्रमाणे हे सगळं बरोबरच होतं. एक महिन्याची नोटीस दिली, डिपॉझिट परत केलं, संपलं.

घरमालकांना शिव्या घालायला मी हे लिहीत नाहीये. आमचे घरमालक काका निवृत्त आहेत, हा फ्लॅट म्हणजेच त्यांचं पेन्शन. सव्वा कोटीच्या घराचे महिन्याला पस्तीस हजार धरले तर वर्षाला चार लाख वीस हजार होतात. त्यातून मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, मध्येच गळती, रंगकाम. हातात तीन टक्केही उरत नाहीत. तेच पैसे बँकेत ठेवले तर जास्त मिळतील. तेव्हा काकांनी वाढ मागितली तर मला ती अन्यायाची वाटत नाही.

मी त्यांना विचारलं होतं, तीन वर्षांचा करार करूया का? दरवर्षी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून टाकू. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण उद्या पोरांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला नकोत."

ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. गिरगाव-परळच्या चाळींत महिन्याच्या भाड्यात मालकाला एक नळही बदलता येईना, म्हणून त्याने दुरुस्ती सोडली, आणि भाडेकरूही मोडक्या छताखाली अडकला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच हे गोठवणं अवाजवी ठरवलं. पण तोवर दोन-तीन पिढ्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती: भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही.

पण आजचा कायदा तो नाही. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देणाऱ्या आपल्या नेहमीच्या कराराची, मुदत संपल्यावर कुणी घर सोडत नसेल तर मालकाला कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जितके दिवस तो माणूस बसून राहील तितके दिवस दुप्पट भाडं मागता येतं. तारखा पडतात, वेळ जातो, हे मान्य. पण करार अकरा महिन्यांचा असो की छत्तीस महिन्यांचा, हे संरक्षण तेच राहतं.

मग अकरा का? बाकीच्या बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, म्हणून तिथे ही पळवाट पडली. आपल्याकडे कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो एका महिन्याचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. त्यात डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून ते मिळवतात. पस्तीस हजार भाडं आणि लाखभर डिपॉझिट असेल तर तीन वर्षांचं सगळं मिळून सव्वातीन हजारांच्या आसपास होतं, वर हजार रुपये नोंदणी फी. दरवर्षी नवा करार केला तर शुल्क जवळपास तेवढंच, पण नोंदणी फी तीनदा, आणि करार करून देणाऱ्याचे पैसेही तीनदा.

हे पैसे घेणारा एजंट सोडला तर यात फायदा कुणाचा? भाडेकरू बदलला की दोन्हीकडून ब्रोकरेज. नाही बदलला तर नूतनीकरणाचे वेगळे. नववा महिना लागला की मालकाला फोन जातो, "काका, मार्केट वर गेलंय, चाळीस मिळतील." काकांनी ऐकलं तर आम्ही निघतो, घर महिनाभर रिकामं पडतं, रंगकाम होतं, ब्रोकरेज जातं. वाढीव पाच हजारांतून ते भरून निघायला काकांचंच अख्खं वर्ष जातं. माझ्या मते हा हिशेब कुणी त्यांना कागदावर मांडून दाखवत नाही.

केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे. पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि तोवर मला थांबायचं नाहीये. पाच वर्षांपर्यंतचा लीव्ह अँड लायसन्स करार आजही करता येतो, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. वाढ आधी ठरवा. दोघांनाही बांधणारा लॉक-इन काळ, म्हणजे ज्यात कुणालाच करार मोडता येत नाही तो काळ, लिहा. आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर भाडेकरूला किमान शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहता येईल, असं एक वाक्य घाला. सोसायट्यांची पहिली बैठक आणि प्रत्यक्ष घर खाली करणं यांत वर्षं जातात, त्यामुळे मालकाला आधी कळलेलं असतंच. भाडेकरूलाही तेव्हाच सांगावं, एवढंच मागणं आहे.

इथे घरमालकही बरेच आहेत. तुमच्यापैकी कुणी दोन-तीन वर्षांचा करार केला असेल तर वाढीची आणि लॉक-इनची अट कशी लिहिली ते खाली टाका. मी ती काकांना दाखवणार आहे, ऑगस्टच्या आत.