आधी समीकरण मांडायला शिकवा

सांगलीत जुलै-ऑगस्ट लागला की कॉलेजच्या पोरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी तोंडपाठ असते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, धरणात किती टीएमसी झालं, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पण वर्गात विचारा, क्युसेकचं आणि टीएमसीचं नातं काय? पहिला बाकही गप्प. आणि हीच मुलं डिफरन्शियल इक्वेशनचे, म्हणजे बदलाच्या दराच्या समीकरणांचे, सगळे टाइप न चुकता सोडवतात.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष मुलांचा नाही. आपण गणित 'टाइप' करून शिकवतो. हा एक्झॅक्टचा, हा लिनिअरचा, इथे इंटिग्रेटिंग फॅक्टर काढायचा. समीकरण आलं कुठून, हे कुणी सांगतच नाही.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे साधारण ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी जातं. एक दर, दुसरा साठा. दराचं इंटिग्रेशन केलं, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज केली, की किती पाणी गेलं ते कळतं. आता फळ्यावर एवढंच लिहा: साठा बदलण्याचा दर म्हणजे येणारं पाणी वजा जाणारं पाणी. झालं समीकरण! एखाद्या तलावातून जाणारं पाणी साठ्याच्या प्रमाणात असतं असं धरलं, की तेच लिनिअर इक्वेशन होतं. सिव्हिलच्या मुलांना ते हायड्रॉलॉजीत पुन्हा भेटतं, इलेक्ट्रिकलच्या मुलांना कपॅसिटर चार्ज होताना, मेकॅनिकलच्या मुलांना तापलेला लोखंडाचा तुकडा निवताना. इंटिग्रेटिंग फॅक्टर त्यानंतर शिकवा, हवी तेवढी गणितं घाला. सरावाला माझा विरोध नाही, हात बसलाच पाहिजे.

एमएस्सीच्या वर्गात दुखणं वेगळं. तिथे एका सुरुवातीच्या अटीला समीकरणाचं एकच उत्तर मिळतं असं सांगणारं पिकार्डचं प्रमेय सिद्धतेसकट पाठ, त्यासाठी लागणारी लिपशिट्झची अट (समीकरणातला दर फार झपाट्याने बदलू नये, ही) पाठ. पण ती अट मोडली तर बिघडतं काय, हे दाखवलेलं नसतं. त्याला पाण्याची टाकीच पुरते. तळाच्या भोकातून पाणी जाताना पातळी उतरण्याचा वेग पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा टॉरिचेलीचा नियम. आता टाकी रिकामी दिसते आहे. ती कधी रिकामी झाली? तासापूर्वी की काल? समीकरण सांगू शकत नाही, कारण शून्यापाशी वर्गमूळ लिपशिट्झची अट पाळत नाही आणि 'आत्ता रिकामी' या एका अटीला अनेक उत्तरं बसतात. हे ऐकल्यावर वर्गात प्रश्न सुरू होतात. मला ते प्रश्न हवे असतात.

सहकारी म्हणतात, "सर, सिलॅबस संपत नाही." अडचण खरी आहे, मीही त्याच वेळापत्रकात शिकवतो. पण प्रत्येक युनिटची पहिली वीस मिनिटं यासाठी काढता येतात. खरी गाठ प्रश्नपत्रिकेत आहे. पेपरात जे येत नाही ते मुलं करणार नाहीत, आणि विषय बॅक राहण्याची भीती असताना त्यांनी का करावं?

म्हणून पेपर काढणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक पेपरात एक प्रश्न असा घाला: चार ओळींत प्रसंग द्या आणि खाली लिहा, 'फक्त समीकरण आणि सुरुवातीची अट मांडा. सोडवू नका.' त्याला पूर्ण मार्क द्या.