'एकही गोळी न झाडता जहाज देऊन टाकलं' म्हणे! पुएब्लोवाल्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. मला चार ग्रुपवरून आला, त्यातल्या एकावर तर आमच्या मामांनीच टाकला, खाली तीन तिरंगे लावून. मजकूर थोडक्यात असा: २३ जानेवारी १९६८, अमेरिकन नेव्हीचं यूएसएस पुएब्लो हे जहाज उत्तर कोरियाच्या चार होड्यांनी घेरलं, जहाजावर ८३ माणसं आणि दोन मशीनगन, तरी कॅप्टन बुकरची टरकली, पळून जायचं सोडून थांबला, एकही गोळी न झाडता जहाज दिलं, गुप्त कागद शत्रूच्या हातात दिले, आणि नेव्हीने त्याला दोषी ठरवलं. शेवटी १९७१ च्या युद्धात आपल्या आयएनएस खुकरीबरोबर बुडालेल्या कॅप्टन मुल्लांचा फोटो आणि 'याला म्हणतात कॅप्टन'.

मी नेव्हीतला नाही, सतरा वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, पण एडनच्या आखातातून ये-जा करताना जहाजावर कोणी चढू नये म्हणून काय काय करावं लागतं ते हाताने केलंय. रेलिंगला काटेरी तार बांधलीय, रात्र रात्र दुर्बीण घेऊन ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेर उभा राहिलोय. म्हणून हे वाचून गप्प बसवेना. मामा, राग मानू नका, एकेक मुद्दा घेतो.

पहिली गोष्ट, 'नेव्हीचं जहाज' म्हटलं की डोळ्यासमोर तोफा येतात. पुएब्लो जन्माला आलं ते अमेरिकन लष्कराचं माल पोचवणारं छोटं जहाज म्हणून, १९४४ साली, विस्कॉन्सिनमधल्या केवॉनी गावात. लांबी १७७ फूट, म्हणजे आमच्या एका कंटेनर जहाजाच्या रुंदीत जवळजवळ आडवं मावेल. नंतर बरीच वर्षं ते नुसतं पडून होतं. १९६६ मध्ये नेव्हीने ते घेतलं तेव्हा सुद्धा नंबर दिला तो हलक्या मालवाहू जहाजाचाच, एकेएल-४४. मग १९६७ मध्ये आत रेडिओ ऐकायची यंत्रं भरली, नाव दिलं 'पर्यावरण संशोधन', काम हेरगिरीचं. तर शत्रूला भिडायला बांधलेली युद्धनौका ही कधीच नव्हती, रंग बदललेलं सप्लाय जहाज होतं, आणि त्याचं सुकाणूचं इंजिन चाचण्यांमध्येच सारखं बंद पडत होतं.

आता मशीनगनचा मुद्दा, कारण फॉरवर्डचा सगळा जोर त्याच्यावर आहे. दोन होत्या, .५० कॅलिबरच्या, एक पुढे आणि एक मागे. त्या आल्या कुठून? जून १९६७ मध्ये यूएसएस लिबर्टी या असल्याच ऐकणाऱ्या जहाजावर इस्रायलने हल्ला केला, ३४ जण मेले, मग वरच्यांना जाग आली की या जहाजांवर काहीतरी हत्यार पाहिजे. तेव्हा निघायच्या थोडंच आधी या दोन गन बसवल्या. बसवल्या म्हणजे अक्षरशः उघड्या डेकवर खांबाला लावल्या, समोर पत्र्याची ढाल नाही, गनपर्यंत पोचायला माणसाने मोकळ्यातून पळत जायचं, आणि ती चालवायचा नीट सराव जवळपास कोणालाच नव्हता. वर हुकूम काय? गन झाकून ठेवा, कोरियनांना चिथावणी दिल्यासारखं दिसता कामा नये, जहाजाच्या जिवावरच बेतलं तर वापरा.

आणि जानेवारीतला जपानचा समुद्र. डेकवर, रेलिंगवर, दोरांवर बर्फाचा थर, आदल्या दिवसांत बर्फाच्या वजनाने जहाज कलंडेल म्हणून खलाशी हातोडे घेऊन तो फोडत होते. गनवरच्या ताडपत्र्या त्या बर्फात गोठून कडक झालेल्या. आमच्याकडे पावसाळ्यात होडीवर घातलेली ताडपत्री भिजली तरी दोघं लागतात ओढायला, इथे तर ती गोठलेली आणि समोर सबमरीन चेजरच्या (पाणबुड्यांच्या मागावर जाणारी छोटी लढाऊ नौका) ५७ मिलिमीटर तोफा रोखलेल्या, टॉर्पेडो बोटींच्या मशीनगन पन्नास-शंभर मीटरवर. जो पहिला माणूस ताडपत्रीला हात लावेल तो मेला, दुसरा गेला तर तोही मेला. पुएब्लोवरून जपानमधल्या स्टेशनला शेवटी शेवटी जे संदेश गेले त्यात हे सरळ लिहिलंय, की आम्ही काहीही हत्यार वापरलेलं नाही आणि गनवरचं कव्हरसुद्धा काढलेलं नाही. फॉरवर्डवाले हीच ओळ भित्रेपणाचा पुरावा म्हणून दाखवतात. मला ती ओळ वाचून वाटतं की माणूस पुढच्या चौकशीसाठी लिहून ठेवतोय, की सुरुवात आमच्याकडून झालेली नाही, जो हुकूम होता तो पाळला.

'चार होड्या' हे तर धादांत चूक. आधी एक सबमरीन चेजर आला, राष्ट्रीयत्व विचारलं, पुएब्लोने अमेरिकन झेंडा चढवला. मग त्याने सिग्नल चढवला, थांबा नाहीतर गोळीबार करतो. उत्तर गेलं, मी आंतरराष्ट्रीय पाण्यात आहे. (अमेरिकेच्या नोंदीप्रमाणे किनाऱ्यापासून पंधरा मैलांपेक्षा जास्त, कोरियाचा दावा बारा मैलांचा होता.) मग तीन टॉर्पेडो बोटी, नंतर चौथी, नंतर दुसरा चेजर, आणि डोक्यावर दोन मिग-२१. आता मोजा.

'पळून जायला काय झालं होतं?' पळालाच तो. हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. एक टॉर्पेडो बोट हत्यारी माणसं घेऊन, बाजूला फेंडर (दोन जहाजं घासू नयेत म्हणून लावतात त्या गाद्या) लावून पुएब्लोच्या जवळ यायला लागली, म्हणजे चढायची पूर्ण तयारी, तेव्हा बुकरने इंजिन वाढवून जहाज खुल्या समुद्राकडे वळवलं आणि तो पहिला प्रयत्न फसला. म्हणजे बोर्डिंगला विरोध झाला, फक्त बंदुकीने झाला नाही. पण पुएब्लोचा वेग फार तर तेरा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), टॉर्पेडो बोटी चाळीसच्या वर. सोमाली चाचे जोरात होते त्या काळात आम्हाला जे मार्गदर्शक पुस्तक द्यायचे त्यात लिहिलेलं असायचं की १८ नॉटच्या वर पळणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची एकही नोंद नाही. ती पण साध्या आउटबोर्ड इंजिनाची होडी, शिडी आणि एके-४७ घेऊन येणारी पोरं. तेरा नॉटचं, पाण्यापासून फार उंच नसलेलं जहाज, आणि मागे टॉर्पेडोवाल्या बोटी. कुठे जाणार सांगा. वळल्यावर लगेच तोफ सुरू झाली, ब्रिज फुटला, बुकरला स्वतःला छऱ्याच्या जखमा झाल्या.

मग लोक म्हणतात, बंदुका होत्या ना, शिडीवर गोळ्या घालायच्या. होत्या, टॉमी गन होत्या, पिस्तुलं होती, ग्रेनेड होते. पण समोरच्याला तुमच्या जहाजावर चढायची घाई असली तरच हे चालतं. ज्याच्याकडे टॉर्पेडो आणि तोफ आहे त्याला घाई कसली, तो लांब थांबून भोकं पाडेल. खरं तर तसंच झालं. जहाज त्यांच्या मागे चालायला लागलं, मग बुकरने कागद जाळायला वेळ मिळावा म्हणून परत थांबवलं, तर लगेच परत तोफ. त्यात ड्वेन हॉजेस नावाचा फायरमन गेला, पाय उडाला होता, रक्त वाहून मेला. तो मजकूर लिहिणाऱ्याला हॉजेसचं नाव तरी माहीत आहे का कोण जाणे, कारण 'काहीच न होता जहाज दिलं' म्हणताना त्याला मध्ये आणता येत नाही.

आता मदतीचं. माझ्या मते खरी गोम इथे आहे आणि नेमकं याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. जहाजावर कोणी चढू नये म्हणून तुम्ही जे काय करता, तार, पाण्याचे फवारे, दारं आतून बंद करणं, ते सगळं असतं वेळ काढायला. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ लीला नॉरफोक जहाजावर हत्यारी लोक चढले, २१ जण, त्यात १५ भारतीय, सगळे सिटाडेलमध्ये म्हणजे आतल्या बंद खोलीत जाऊन बसले, आयएनएस चेन्नई पोचली, आपल्या नेव्हीचे मार्कोस कमांडो चढले, सगळे सुखरूप. तिथे वेळ काढण्याला अर्थ होता कारण कोणीतरी येत होतं. पुएब्लोसाठी कोण येत होतं? कोणी नाही. या मोहिमेत धोका 'किमान' असा शेरा होता, कारण याच जातीचं बॅनर जहाज आधी अशा फेऱ्या करून परत आलेलं, त्रास दिला होता पण कोणी पकडलं नव्हतं. त्यामुळे एकही विमान पुएब्लोसाठी तयार ठेवलेलं नव्हतं. दक्षिण कोरियातली अमेरिकन एफ-४ विमानं अणुबॉम्बच्या कामाला लावलेली, ते बॉम्ब उतरवून दुसरी हत्यारं लावायला तास जाणार. ओकिनावाहून एफ-१०५ निघाली ती अंधार पडायच्या आत पोचू शकली नाहीत. एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका पाचशे मैलांच्या आसपास लांब, तिथून काहीच उडालं नाही. पुएब्लोचे रेडिओवाले तासभर आणि वर मदत मागत बसले.

याहून वाईट म्हणजे २१ जानेवारीला, दोनच दिवस आधी, उत्तर कोरियाच्या ३१ कमांडोंनी सोलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या ब्लू हाउसवर हल्ल्याचा प्रयत्न केला होता. आख्ख्या द्वीपकल्पात आग लागलेली, आणि त्याच किनाऱ्याला लागून उभ्या असलेल्या पुएब्लोला हे कोणी कळवलंच नाही! १९५३ पासून कोरियात नुसता युद्धविराम, तह कधी झालाच नाही, तिकडे व्हिएतनाम पेटलेलं. म्हणजे एका बाजूच्या लेखी युद्ध चालू होतं आणि दुसऱ्या बाजूने जहाज पाठवताना शांतताकाळाचे नियम लावले होते.

कागदांच्या बाबतीत मात्र मी बुकरची पूर्ण बाजू घेणार नाही. जहाजावर गुप्त कागदांचे ढीग होते, या मोहिमेला लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते कमी करून घेणं, नष्ट करायची रंगीत तालीम करून घेणं हे कॅप्टनचं काम होतंच. ती झाली नव्हती. वेळ आली तेव्हा एक छोटी भट्टी, थोडे थोडे कागद खाणारे श्रेडर, आणि यंत्रं फोडायला घण नि कुऱ्हाडी. लोखंडी पेट्यांतली यंत्रं घणाने फोडून बघा एकदा, घण परत येतो. पाण्यात टाकायचं तर समुद्र तिथे उथळ, पाणबुड्या उतरून काढू शकतील एवढा. कागदांनी भरलेली पोती तशीच राहिली आणि उत्तर कोरियाला मिळाली, सांकेतिक यंत्रांसकट, ते नुकसान खरंच मोठं होतं. पण बुकरने निघायच्या आधी झटपट नाश करायला स्फोटकांची सोय मागितली होती आणि ती मिळाली नाही, हेही नंतर नेव्हीच्या चौकशीत आलंय. मागितलेलं दिलं नाही आणि नसल्याचा ठपका त्याच्यावर.

'नेव्हीने दोषी ठरवलं'. अर्धवट. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोला चौकशीसाठी पाच ॲडमिरल बसले, त्यांनी बुकर आणि गुप्त विभागाचा प्रमुख स्टीफन हॅरिस यांच्यावर कोर्ट मार्शल करा अशी शिफारस केली. ताकद असताना जहाजाची झडती घेऊ दिली, असा त्यातला एक आरोप. मे १९६९ मध्ये नौदल सचिव जॉन चेफी यांनी शिफारस फेटाळली, या लोकांनी पुरेसं भोगलंय म्हणाले. कोर्ट मार्शल झालंच नाही, तर दोषी कुठून? उलट अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, उपसमितीने वरच्या कमांडवरच टीका केली. आणि भोगलं म्हणजे काय, तर उत्तर कोरियाच्या कैदेत अकरा महिने मार. कबुलीजबाबावर सही कर नाहीतर तुझ्या खलाशांना एकेक करून तुझ्यासमोर गोळी घालतो, सगळ्यात लहान असेल त्याच्यापासून, असं सांगितल्यावर बुकरने सही केली. तरी या लोकांनी प्रचाराच्या फोटोत मधलं बोट दाखवलं आणि विचारलं तर सांगितलं की ही हवाईतली शुभेच्छा आहे! ते कळल्यावर परत मार खाल्ला. २३ डिसेंबर १९६८ ला ८२ जण सुटून, दोन कोरियांमधला पूल ओलांडून परत आले.

राहिले कॅप्टन मुल्ला. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ, पाकिस्तानी हँगोर पाणबुडीचे टॉर्पेडो लागून खुकरी काही मिनिटांत बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लासाहेबांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले. त्याबद्दल आपण फक्त मान खाली घालायची. पण खुकरी पाणबुडीच्या शिकारीला निघालेली लढाऊ फ्रिगेट होती, घोषित युद्धात, आणि तिच्यावर कोणी चढून येत नव्हतं. बुडणाऱ्या जहाजावर कॅप्टनने काय करावं आणि घेरलेल्या जहाजावर ८२ जिवंत माणसांचं काय करावं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाला मोठं करायला दुसऱ्याला भित्रा म्हणायची गरज मुल्लासाहेबांना तर नक्कीच नाही.

आणि हो मामा, फॉरवर्डमध्ये 'पुएब्लो' म्हणून जो फोटो आहे त्याच्यावर पुढे दोन मोठे तोफेचे बुरूज दिसतायत. ती कुठलीतरी डिस्ट्रॉयर आहे. खरं पुएब्लो प्याँगयांगमध्ये नदीवर उभं करून म्युझियम केलंय, नेटवर ढिगाने फोटो आहेत, पुढच्या डेकवरची ती एकटी उघडी गन पण दिसते.