1972 ची ती निवडणूक नाटक नव्हती

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या पोर्तुगीज वसाहतीत पीएआयजीसी या स्वातंत्र्य चळवळीने 1972 मध्ये, पोर्तुगालशी लढाई चालू असतानाच निवडणूक घेतली. तिच्याबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय: हातात भूभाग नव्हता, मतं बंदुकीच्या धाकाने पडली, यादी एकच होती, म्हणून सगळा जगाला दाखवायचा देखावा. मला हे पटत नाही. का, ते एकेक करून सांगतो.

भूभागाचा आक्षेप सर्वांत लंगडा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इक्वेडोर, स्वीडन आणि ट्युनिशियाच्या प्रतिनिधींचं संयुक्त राष्ट्रांचं पथक दक्षिणेतल्या मुक्त भागात, म्हणजे चळवळीच्या ताब्यातल्या मुलखात, काही दिवस राहून, सगळं पाहून आलं. बिसाऊसारखी शहरं आणि लष्करी ठाणी पोर्तुगीजांकडेच होती, हे खरं. तिथल्या लोकांना मत देता आलं नाही, ही त्या निवडणुकीची मोठी उणीव होती. पण भूभागच नव्हता, हे साफ खोटं.

आता बंदुकीचा धाक. इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोष्ट खेड्यात आहे. तिथे गावाला तबांका म्हणतात. मुक्त भागातल्या तबांकांमध्ये पाच जणांची समिती असे आणि त्यात निदान दोन बायका असायलाच हव्यात, असा नियम होता. एकाकडे गावाचं संरक्षण, दुसऱ्याकडे शाळा आणि आरोग्य, कोणाकडे जन्ममृत्यूच्या नोंदी आणि हिशेब. चळवळीच्या लोक-दुकानात तांदूळ घालायचा आणि बदल्यात कापड न्यायचं. मतदान आलं ते हे सगळं काही वर्षं अंगवळणी पडल्यावर. आणि गावकऱ्यांना छळणाऱ्या स्वतःच्याच कमांडरांना चळवळीने 1964 च्या कासाका परिषदेत जाब विचारला, काहींना देहदंडही दिला. नुसत्या धाकावर चालणारी संघटना आपल्याच बंदूकधाऱ्यांच्या मानेवर हात टाकत नाही.

एकच यादी होती? होय, होती. हो किंवा नाही एवढंच म्हणता येत होतं, आणि शेजारच्या सेनेगलमधल्या डाकारमधून काम करणाऱ्या फ्लिंग या प्रतिस्पर्धी पक्षाला तिथे जागा नव्हती. याला बहुपक्षीय लोकशाही म्हणणं चूक आहे, आणि पुढे स्वतंत्र देशाने 1994 पर्यंत बहुपक्षीय निवडणूक पाहिली नाही, याचं मूळही इथेच शोधावं लागतं. तरी सुमारे 77 हजार मतांपैकी दोन हजारांवर मतं विरोधात पडली आणि ती मोजली गेली. तुलना करायची तर ती पोर्तुगीज राजवटीशी करा. 1961 पर्यंत तिथल्या जवळजवळ सगळ्या आफ्रिकी माणसांना कायद्याने नागरिकच मानलं जात नव्हतं. मत फार दूरची गोष्ट.

राहिला देखावा. लिस्बनने 1951 मध्ये वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ हे नाव दिलं. गोवाही त्यातच आला. गोवा मुक्तीलढ्याच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना हा डाव वेगळा सांगायला नको: प्रांत आमचाच, तेव्हा स्वातंत्र्याचा प्रश्नच नाही. चळवळीचे नेते आमिलकार काब्राल यांना याला तोड हवी होती. पक्षाचं, म्हणजे पीएआयजीसीचं, मुख्यालय शेजारच्या गिनी देशात, कोनाक्रीत. तिथून स्वातंत्र्य पुकारलं असतं तर ती फक्त एका पक्षाची घोषणा ठरली असती. म्हणून आधी प्रादेशिक परिषदा निवडायच्या, मग त्यांच्यामार्फत राष्ट्रीय लोकसभा, आणि घोषणा त्या सभेने करायची, तीही देशाच्या मातीवर. जगाने पाहावं हा हेतू होताच, त्यात लपवण्यासारखं काय?

20 जानेवारी 1973 ला कोनाक्रीत काब्राल यांचा खून झाला. सभा तरीही भरली. 24 सप्टेंबरला मादिना दो बोएच्या मुलखात तिने स्वातंत्र्य जाहीर करून राज्यघटना मंजूर केली. 2 नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 93 विरुद्ध 7 मतांनी पोर्तुगालचा तिथला ताबा बेकायदा ठरवला. लिस्बनमधली हुकूमशाही तेव्हा अजून उभी होती. ती कोसळायला आणखी जवळजवळ सहा महिने होते.