'व्हीलचेअर आहे? मग कुठलीही क्रूझ घ्या' हा फॉरवर्ड का चुकीचा आहे

सध्या फॅमिली ग्रुप्सवर एक मेसेज जोरात फिरतोय. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर सरळ क्रूझ बुक करा, कुठलीही चालते, जहाजात लिफ्ट असतेच, सगळ्यात स्वस्त केबिन घ्या कारण खोलीत थांबतं कोण, खुर्ची जहाजावर फुकट मिळते, बंदरावर क्रूवाले उचलून उतरवतात, आणि आता कायदा असल्यामुळे कुणी नाही म्हणूच शकत नाही. माझी आई लकव्यानंतर खुर्चीवर आहे, क्रूझ तिला मनापासून आवडते, त्यामुळे क्रूझला माझा विरोध अजिबात नाही. पण 'कुठलीही चालते' वाचून लोक पैसे भरतायत आणि मग जहाजावर जाऊन अडकतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

लिफ्टचं आधी. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांत लिफ्ट असते, बरोबर. पण युरोपातल्या ऱ्हाइन, डॅन्यूब नद्यांवरच्या रिव्हर क्रूझही क्रूझच ना? तिथल्या बऱ्याच जहाजांत लिफ्ट नसते, नाहीतर सगळ्या डेकवर जात नाही. शिवाय गर्दीच्या धक्क्यावर ही जहाजं एकमेकांना चिकटून उभी करतात, मग आपल्याला दुसऱ्याच्या जहाजातून, कधी कधी जिना चढून त्याच्या वरच्या डेकवरून किनाऱ्यावर जावं लागतं. चालता येत नसेल तर नदीची क्रूझ नकोच, असं माझं स्पष्ट मत.

आता खोली. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. साध्या केबिनचं दार साधारण 22-23 इंच असतं. आणि आपली खुर्ची? 18 इंच म्हणतो ती सीट, चाकं आणि हाताने फिरवायच्या कड्या धरून बाहेरून बाहेर मोजली की 25-26 इंच भरते. टेप घेऊन घरीच मोजा. आमच्या एजंटने 'व्हीलचेअर नोट केलीय' असं सांगितलं होतं, ती नोंद फक्त बोर्डिंगच्या मदतीची निघाली, खोली साधीच. आई दारात अडकली, तिला पॅसेजमध्येच अरुंद खुर्चीत बसवून आत न्यावं लागलं, आणि आत गेल्यावर बाथरूमला हा एवढा उंबरा. आपल्याच आईला आंघोळीसाठी दोघांनी धरून उचलायचं आणि ती सारखी 'राहू दे गं' म्हणत राहते, ते बघवत नाही.

म्हणून बुकिंग करतानाच ॲक्सेसिबल केबिन मागायची. दार साधारण 32 इंच, बाथरूमला उंबरा नाही, खुर्चीसकट शॉवरखाली जाता येतं, घडीची सीट, भिंतीला धरायला दांडे. अशा खोल्या पूर्ण जहाजात मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. त्या महागच असतात असं नाही, इनसाइड म्हणजे खिडकी नसलेल्या स्वस्त खोल्यांमध्येही मिळतात. फक्त 'गॅरंटी' नावाचं स्वस्त भाडं घेऊ नका, त्यात खोली कंपनी ठरवते.

बंदराचा मुद्दा तर मेसेजमध्ये पूर्ण उलटा आहे. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं, काही ठिकाणी लांब नांगर टाकून लहान बोटीतून, म्हणजे टेंडरने, उतरवतात. टेंडरमध्ये इलेक्ट्रिक खुर्ची बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, साधी खुर्ची असली तरी माणसाला दोन-चार पायऱ्या स्वतः उतरता यायला हव्यात, आणि लाटा असतील तर कॅप्टन नाही म्हणतो. क्रूला प्रवाशाला उचलायची परवानगी सहसा नसते, आणि हलत्या बोटीत कुणी उचलूही नये. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर टेंडरने उतरलात तरी वर गावात जायला केबल कार, खेचर किंवा 580च्या वर पायऱ्या. लक्षद्वीपला टेंडरच, थायलंडच्या फुकेतला जहाज पातोंग किनाऱ्यासमोर थांबलं तरी टेंडरच. उलट बार्सिलोनाला जहाज थेट धक्क्याला लागतं, मलेशियातल्या पेनांगलाही. आणि 'रोम' लिहिलेलं असतं ते बंदर चिविताव्हेकिया, रोमपासून 70 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लिफ्टवाली बस आधी ठरवली नसेल तर दिवसभर जहाजावरच बसायचं.

फुकट खुर्ची साधारण चढता-उतरतानाच मिळते, फिरायला आपली न्या नाहीतर भाड्याने घ्या. खुर्चीऐवजी बसून फिरायची इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर ती खोलीतच ठेवावी लागते, पॅसेजमध्ये चालत नाही.

कायदा आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये सांगितलं की परदेशी झेंड्याच्या क्रूझनाही अमेरिकेच्या पाण्यात तिथला अपंग हक्कांचा कायदा लागू आहे, पण सुरक्षेला बाध येईल असे बदल करायची सक्ती नाही. युरोपात 1177/2010 हा नियम आहे, मदत हवी असल्याचं किमान 48 तास आधी कळवायचं, खोलीची वगैरे खास गरज बुकिंगलाच सांगायची, पण सुरक्षेचं कारण असेल किंवा जहाजाची, बंदराची रचनाच आड येत असेल तर ते नकार देऊ शकतात. सिंगापूरहून किंवा मुंबईहून निघताना यातलं काही कामाला येत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी एजंटकडून ईमेलवर घ्या: ॲक्सेसिबल केबिनचा नंबर, दाराची रुंदी, प्रत्येक बंदर धक्का की टेंडर, लिफ्टवाली बस मिळेल का, आणि आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही तेव्हा मदतीच्या यादीत नाव घातलंय का. फोनवर 'हो हो, होऊन जाईल' म्हणाला तर दुसरा एजंट बघा.