‘गळतीवर पांघरूण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

साइडकिक (रूबी अ‍ॅप्लिकेशनची जड कामे, म्हणजे ‘जॉब’, पडद्याआड करणारी प्रणाली) हिच्या प्रोसेसची मेमरी दिवसागणिक का फुगत जाते, या विषयावरच्या माझ्या मागील लेखाला एका वाचकांनी बरीच लांब प्रतिक्रिया दिली आहे. लेखात मी तीन गोष्टी सुचवल्या होत्या: मोठे जॉब वेगळ्या क्यूमध्ये (रांगेत) काढून तिथे थ्रेड (एका प्रोसेसमध्ये शेजारीशेजारी चालणारे कामाचे धागे) कमी ठेवावेत, मॅलॉक_अरीना_मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मेमरी वाटून देणाऱ्या मॅलॉकने किती ‘अरीना’, म्हणजे मेमरीचे वेगळे साठे, उघडावेत याची मर्यादा) २ करावा, आणि मेमरी वाढते म्हणून रोज रात्री प्रोसेस बंद-चालू करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) असेल तर तो काढून टाकावा. प्रतिक्रियेत म्हटले आहे की थ्रेडचा आकडा मी चुकीचा दिला, मॅलॉकच्या जागी जेमॅलॉक वापरल्यावर बाकी कशाची गरज उरत नाही, रेल्स ८ (रूबीचे वेब फ्रेमवर्क) मधल्या सॉलिड क्यू या साइडकिकच्या पर्यायामुळे हा विषयच जुना झाला, मी वेगाचे आकडे दिलेले नाहीत, आणि, शब्दशः उद्धृत करतो, "अरीनाचा आकडा बदलणे म्हणजे गळतीवर पांघरूण घालणे, ज्यांना प्रोफायलर चालवता येत नाही ते असल्या उपायांवर समाधान मानतात."

आधी जे तुमचे बरोबर आहे ते मान्य करतो. साइडकिक एका प्रोसेसमध्ये आपणहून १० थ्रेड चालवते असे मी लिहिले होते. ते जुन्या आवृत्त्यांपुरते खरे आहे. हा आकडा पूर्वी २५ होता, मग १० झाला आणि ७.० पासून तो ५ आहे. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल तुमचे आभार मानतो. दुरुस्ती करायला बसलोच होतो म्हणून तुम्ही न दाखवलेली एक त्रुटीही दूर केली: अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल असते, आणि तिथे मॅलॉक_अरीना_मॅक्सचा काहीही परिणाम होत नाही.

आता त्या वाक्याकडे वळतो. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. मतभेद नको असते तर मी लिहिलेच नसते. परंतु ‘ज्यांना प्रोफायलर (मेमरी कुठे खर्च होते हे मोजणारे साधन) चालवता येत नाही’ या अर्थाचे विधान माझ्या लेखाविषयी नाही, ते माझ्याविषयी आहे, आणि मला न ओळखता, माझे काम न पाहता तुम्ही ते बिनदिक्कत केले आहे. हीप डम्प (मेमरीतल्या सगळ्या वस्तूंची नोंद) कसे घ्यायचे आणि त्यांची तुलना कशी करायची, यावर त्याच लेखात एक पूर्ण परिच्छेद आहे. तो तुमच्या नजरेतून सुटला असेल तर घाईने लिहू नये, एवढेच म्हणेन. तो वाचूनही तुम्ही हे लिहिले असेल, तर त्याला टीका म्हणता येत नाही.

मी रूबीत काम करू लागलो तेव्हा रेस्क्यू ही जॉब चालवणारी साइडकिकपूर्वीची प्रणाली नवी होती. २००९ साली ती गिटहबमधून बाहेर आली. रेस्क्यू प्रत्येक जॉबसाठी एक नवी प्रोसेस फोर्क करत असे. जॉब संपला की ती प्रोसेस मरे, आणि तिने घेतलेली सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाई. आमचा कोड कितीही उधळा असला तरी त्याची किंमत आम्हाला मोजावी लागत नसे, कारण उधळपट्टीचा हिशेब दर जॉबगणिक पुसला जाई. २०१२ मध्ये साइडकिक आले आणि एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालू लागले. तेवढेच काम कितीतरी कमी मेमरीत होऊ लागले हे खरे, पण आता ती प्रोसेस दिवसचे दिवस जिवंत राहत होती, आणि इतकी वर्षे झाकलेली उधळपट्टी प्रथमच डोळ्यांसमोर आली. आमच्यापैकी बहुतेकांनी तिला तेव्हा ‘लीक’ (गळती) म्हटले. मीही म्हटले, आणि त्या एका शब्दापायी मी सहा आठवडे घालवले.

काम एका ग्राहकाचे होते. महिनाअखेरीस हजारो खात्यांची विवरणपत्रे तयार करून पाठवायची होती, एका खात्याला एक जॉब. तिसऱ्या महिन्यात काही खात्यांना विवरणपत्र मिळालेच नाही. लॉगमध्ये एकही एरर नव्हती, रीट्राय सेट (पुन्हा करायच्या जॉबची यादी) रिकामा होता, डेड सेट (सोडून दिलेल्या जॉबची यादी) रिकामा होता. बऱ्याच शोधानंतर कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ सापडली: मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरने आमची प्रोसेस मारली होती. जॉबमध्ये एक्सेप्शन आली तर साइडकिक तो जॉब साधारण २१ दिवसांत २५ वेळा पुन्हा करून पाहते. परंतु ओओएम किलरचा सिगकिल हा सिग्नल आल्यावर प्रोसेसला काहीही करायची संधी मिळत नाही, आणि विनामूल्य आवृत्तीत जॉब हाती घेताक्षणी तो रेडिस या डेटाबेसमधल्या यादीतून निघालेला असतो. त्या क्षणी ज्या थ्रेडच्या हातात जे जॉब होते, ते कोणतीही खूण न ठेवता नाहीसे झाले. मेमरीचा प्रश्न हा सर्व्हरच्या भाड्याचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांशी मी तेव्हापासून वाद घालत आलो आहे. तो हरवलेल्या कामाचा प्रश्न आहे.

त्या सहा आठवड्यांत मी प्रोफायलरच चालवत होतो, दुसरे काहीही नाही. ऑब्जेक्टस्पेस.डम्प_ऑल वापरून ठरावीक अंतराने तीन डम्प घेतले. पहिल्यात नसलेल्या, दुसऱ्यात जन्मलेल्या आणि तिसऱ्यातही टिकलेल्या वस्तू कोणत्या, हे काढले. यादी जवळजवळ रिकामी निघाली. मग दर काही मिनिटांनी संपूर्ण गार्बेज कलेक्शन (मेलेल्या वस्तूंची साफसफाई) करवून दोन आकडे शेजारीशेजारी छापू लागलो: जीसी.स्टॅटमधला हीप_लाइव्ह_स्लॉट्स (जिवंत वस्तूंची संख्या) आणि प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी. डावा आकडा प्रत्येक वेळी खाली येऊन जवळजवळ त्याच जागी थांबत होता. उजवा आकडा एकेक पायरी चढत होता, काही तास तिथेच राहत होता, पुन्हा चढत होता आणि शेवटी खूप उंचीवर जाऊन सपाट होत होता. रूबीच्या वस्तू मरत होत्या, पण त्यांनी अडवलेली जागा ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जात नव्हती. या दोन रकान्यांकडे बघत मी किती रात्री काढल्या हे सांगून सहानुभूती मिळवायची नाही. पण ज्याला प्रोफायलर चालवता येत नाही असे तुम्ही म्हणता, त्याने हे केले आहे.

जीलिबसीचा मॅलॉक थ्रेडना एकमेकांसाठी खोळंबायला लागू नये म्हणून अनेक अरीना उघडतो; ६४ बिटच्या यंत्रावर त्यांची मर्यादा कोअरच्या आठपट असते. म्हणजे चार कोअर असतील तर ३२. एका अरीनात मोकळी झालेली जागा दुसऱ्या अरीनातून मागणाऱ्या थ्रेडच्या उपयोगी पडत नाही. मोठा जॉब आज या थ्रेडवर येतो, उद्या त्या थ्रेडवर, आणि प्रत्येक अरीना आपापला उच्चांक गाठून तिथेच बसते. अरीना सहसा टोकाकडून आकसते. मधोमध कितीही पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोकळी असली तरी टोकाला एक वस्तू जिवंत असेल तर ती पाने अडकून पडतात. रूबीच्या स्वतःच्या हीपचेही थोडेफार असेच आहे: एका पानातील एक जरी स्लॉट व्यापलेला असेल तरी ते पान सोडता येत नाही. रूबी ३.३ मध्ये आलेली प्रोसेस.वॉर्मअप ही मेथड पूर्ण कलेक्शन आणि कॉम्पॅक्शन करून शेवटी मोकळी पाने परत करणाऱ्या मॅलॉक_ट्रिमला हाक मारते. अडकलेली मोकळी पाने हा माझ्या मनाचा खेळ असता तर भाषेच्या गाभ्यात ही सोय कोणी केली नसती.

यात पांघरूण कुठे आहे? गळती म्हणजे ज्या वस्तूकडे कोणीतरी अजून बोट दाखवत आहे आणि म्हणून जी कधीच मोकळी होत नाही. कोणी क्लासच्या पातळीवरच्या हॅशमध्ये दर जॉबला एक नोंद टाकत राहिला, तर ती गळती. अरीना दोन करा, एक करा, मेमरीची रेघ चढतच राहील. कारण अरीनाचा आकडा मोकळ्या जागेच्या वाटपाशी संबंधित आहे, जिवंत वस्तूंशी नाही. एखाद्या सी एक्स्टेन्शनमध्ये गळती असेल तर हीप_लाइव्ह_स्लॉट्समध्ये ती दिसणार नाही हे मला माहीत आहे, परंतु तीही अरीना कमी केल्याने थांबत नाही. जो उपाय केल्यावर रेघ खरोखर सपाट होते, त्या उपायाने गळती झाकली असे म्हणताच येत नाही. तुमच्या वाक्यातला पहिला भाग वस्तुस्थिती म्हणून चूक आहे, आणि दुसरा भाग त्या चुकीच्या आधारावर दुसऱ्याला हिणवतो. मला राग दुसऱ्या भागाचा आला. पण वाचकांची दिशाभूल पहिला भाग करतो, म्हणून इतके लिहिले.

अरीना कमी केल्याने थ्रेड एकमेकांची वाट पाहत बसतील, ही शंका तुम्ही काढली असती तर ती मला रास्त वाटली असती. तिचे उत्तर असे की जीव्हीएल या रूबीच्या अंतर्गत कुलपामुळे रूबीचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवू शकतो, त्यामुळे मॅलॉकच्या दारात गर्दी मुळातच कमी असते. ३२ अरीना ज्या समांतर कामासाठी आहेत तसे काम एमआरआय (नेहमीच्या) रूबीत सहसा होत नाही. मेमरीची किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते.

अर्थात त्या ग्राहकाकडे निम्मा दोष आमच्याच कोडचा होता, आणि तोही लेखात लिहिला आहे. एका जॉबमध्ये खात्याचे सगळे व्यवहार एका दमात मागवून त्यांवर साधे ईच चालवले होते. बहुतेक खात्यांना ते चाले. काही मोजक्या खात्यांचे व्यवहार लाखांत होते. तिथे फाइंड_ईच लावल्यावर एका वेळी १,००० ओळीच मेमरीत येऊ लागल्या. प्रोसेसचा उच्चांक सरासरी जॉब ठरवत नाही, सर्वांत मोठे जॉब एकाच वेळी किती थ्रेडवर येतात ते ठरवते. म्हणूनच अशा जॉबना वेगळी क्यू, वेगळी प्रोसेस आणि एक-दोन थ्रेड. हा माझ्या लेखाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला होता, आणि तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही.

जेमॅलॉकला माझा विरोध कधीच नव्हता. रेल्सने ७.२ पासून आपल्या डॉकरफाइलमध्येच (कंटेनरची इमेज बनवणाऱ्या फाइलमध्ये) तो घेतला आहे, आणि मीही जिथे शक्य असेल तिथे वापरतो. पण तो काय करतो? मॅलॉकच्या जागी दुसरा अ‍ॅलोकेटर बसवतो, जो फ्रॅग्मेंटेशन (मोकळ्या जागेचे विखुरणे) कमी होऊ देतो आणि मोकळी पाने लवकर परत करतो. माझा उपाय पांघरूण असेल तर तुमचाही पांघरूणच आहे, फक्त जास्त उबदार. एकाच जातीच्या दोन उपायांपैकी आपला तो कौशल्याचा आणि दुसऱ्याचा तो अज्ञानाचा, हा न्याय कुठला? जिथे इमेज बदलण्याचा अधिकार आपल्या हाती नसतो तिथे एक व्हेरिएबल बदलता येतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना मी लेखात उद्देशून लिहिले होते.

सॉलिड क्यूबद्दल फार लिहित नाही. त्याने रेडिसची गरज काढून टाकली. त्याचे वर्करही थ्रेडच चालवतात, आणि त्यांची मेमरी त्याच मॅलॉककडून येते. वेगाचे आकडे मी दिले नाहीत कारण लेख वेगावर नव्हता.

रात्रीच्या क्रॉनचे तुम्ही जाता जाता समर्थन केले आहे. तुमच्या क्रॉनने आधी टीएसटीपी हा सिग्नल पाठवून नवे जॉब घेणे थांबवले, मग बंद होण्याचा टर्म सिग्नल पाठवला, आणि तुमचे सगळे जॉब २५ सेकंदांच्या मुदतीत संपणारे किंवा दोनदा चालले तरी बिघाड न करणारे असले, तर तो क्रॉन खुशाल ठेवा. तसे नसेल तर तो क्रॉन आज रात्री चालण्याआधी काढा. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा संपूर्ण कलेक्शननंतरचे हीप_लाइव्ह_स्लॉट्स आणि व्यापलेली मेमरी, असे एका दिवसाचे दोन रकाने तिच्यात द्या. रेघ जिवंत वस्तूंची चढत असेल तर ती गळती आहे हे मी इथेच, याच जागी मान्य करीन.